निष्क्रिय काळ

अन् वर मलाच विचारतेत, "सर, तुमचा तंत्रज्ञानाला विरोध आहे का?" आता बोला! माझा विरोध? अवो, तुम्हाला सांगतो, मी संगमेश्वर, लातूरच्या बी.एड. कॉलेजात मराठी कसं शिकवायचं ते शिकवून शिकवून टाळूवरचे केस गेले, मास्तर व्हायला आलेल्या पोरापोरींना मास्तर करून सोडणं हाच माझा धंदा, अन् या धंद्यात मी कशाकशाला हात जोडले न्हाई म्हणून सांगू? प्रोजेक्टर आला, हात जोडले. त्याचा बल्ब उडाला, तरी हात जोडले. मग तो इंटरॅक्टिव्ह फळा आला, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून आमच्या प्राचार्य मालविका मॅडमनी घरून फुलाफुलांचा पलंगपोस आणून घातला, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं, अन् त्या फळ्याचं जे पेन असतंय ना, ते हरवू नये म्हणून कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, अन् मॅडम मीटिंगला! मी बोललो का काही? गपगुमान खिशातला खडू काढला, अन् शेजारच्या काळ्या फळ्यावर लिहायला लागलो. मग सांगा, विरोध कुठं हाय माझा?

बरं, तो मोबाइलमधला एआय आला. आता पाठ टाचण तुम्हाला माहीत असंल, म्हणजे वर्गात जायच्या आधी मास्तरनं काय शिकवणार अन् कसं शिकवणार ते लिहून काढायचं, आमच्या वेळी ते लिहून लिहून बोटाला घट्टे पडायचे. आता? आता मी टाचणांचा गठ्ठा घेतला, पहिलं उघडलं, पहिलीच ओळ : "नक्कीच! तुमच्यासाठी पाठ टाचण खालीलप्रमाणे." म्हणलं, पोरगं लई नम्र हाय. दुसरं उघडलं, "नक्कीच!" तिसरं उघडलं, "नक्कीच!" अख्खा गठ्ठा नक्कीच! अन् एका बहाद्दराच्या टाचणात लिहिलेलं, "विद्यार्थ्यांना खिडकीतून पडणारा बर्फ दाखवावा." लातुरात! अरे बाबा, लातुरात लेकरांना बर्फ दाखवायचा म्हणलं तर अख्खा वर्ग गंजगोलाईच्या बाजारात गोळेवाल्याच्या गाड्यावर न्यावा लागतंय! गेलो गठ्ठा घेऊन मॅडमकडं. "मॅडम, हे बघा." मॅडमनी चष्मा लावला, दोन-चार चाळले, म्हणल्या, "किती सकारात्मक सुरुवात आहे ना, सर, सगळ्यांची!" उचलला गठ्ठा, अन् आलो परत.

तर हे सगळं मी सोसलं. पण ते गुरुनेत्र! ते काही मला सोसना गेलंय, बघा.

गुरुनेत्र म्हणजे काय... एक सर्वेश म्हणून पोरगा आला नांदेडहून. नांदेडचाच हो, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेला, पण भर उन्हाळ्यात कोट घालून आलेला, कोटातून घाम गळतोय अन् तोंडातून इंग्रजी. "सर, ॲक्चुअली काय आहे ना, आपण पाठाचं निरीक्षण अजून डोळ्यांनी करतोय." मी म्हणलं, मग कशानं करावं, गुडघ्यानं? सगळे हसले, मॅडम न्हाई हसल्या. तर त्याचं म्हणणं असं, की वर्गाच्या मागं तिकाटण्यावर एक कॅमेरा उभा करायचा, त्याचा हिरवा दिवा लागला की पाठ चालू. मास्तर किती बोलला, पोरं किती बोलली, मास्तरची नजर कुठं कुठं फिरली, पोरांचे हात किती वर झाले, सगळं ते मोजतंय, अन् घंटा व्हायच्या आत गुण हातात! ना निरीक्षक पाहिजे, ना निरीक्षण वही. मी हात वर केला, विचारलं, "बाबा, लेकरांना कळलं का न्हाई, ते कुठं मोजतंय हे?" तर म्हणतंय, "सर, ते पुढच्या व्हर्जनमध्ये येईल."

पुढच्या व्हर्जनमध्ये! अन् मॅडम तर पार भारावल्या. उठून म्हणल्या, "आता मर्जीतले विद्यार्थी नाहीत, ओळखी नाहीत, वशिले नाहीत. सर, डेटा खोटं बोलत नाही!" अन् दुसऱ्या दिवशी दारातल्या सुविचाराच्या फळ्यावर तेच, मॅडमच्या वळणदार अक्षरात, खाली दोन फुलं काढून : डेटा खोटं बोलत नाही!

आता मी दिलशादचं सांगतो. कारण माझं डोकं फिरलं ते तिच्या पायी.

दिलशाद ही आमची बी.एड.ची विद्यार्थिनी. औशाची. बापाचं, मकबूलभाईचं, औशाला गादीघर हाय, लग्नसराईत त्यांच्या गाद्यांवर निम्मा तालुका झोपतंय. रोज एस.टी.नं यायची पोरगी, उभ्यानं, पण कधी उशीर न्हाई. अन् औशाच्या एका शाळेनं तिला शब्द दिलेला, "बेटा, बी.एड.चा निकाल आण, जूनपासून पाचवीचा वर्ग तुझा." म्हणजे बघा, सगळं येऊन अडलेलं वार्षिक पाठावर. वार्षिक पाठ म्हणजे आमच्याकडची शेवटची कुस्ती, खऱ्या वर्गात, खऱ्या लेकरांपुढं एक पाठ घ्यायचा, त्यात पडलं की वर्ष गेलं, वर्ष गेलं की औशाचा वर्ग गेला. अन् मी मनात म्हणायचो, ही पडायची न्हाई. हजारो पाठ बघितलेत मी, बरं का, हजारो! मागं बाकावर बसून झोप यायची मला पाठ बघताना, खोटं कशाला बोलू. पण या पोरीच्या पाठाला झोप न्हाई यायची.

का? तर हिची एक सवय. ही प्रश्न विचारायची, अन् मग थांबायची. बस्स, एवढंच. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अवो, मास्तराला थांबता येत न्हाई! मास्तर प्रश्न विचारतो अन् स्वतःच उत्तर देतो, अन् वर म्हणतो, "बरोबर?" अन् पोरं म्हणतेत, "बरोब्बऽऽर!" अन् आमच्या सराव शाळेतली पोरं तर काय विचारता, दरवर्षी आमचे पन्नास विद्यार्थी तेच ते पाठ त्याच त्या पोरांवर घेतेत, पोरं पार तरबेज झालेली. मागं आमचा एक विद्यार्थी फळ्यापुढं भांबावून उभारला, तर पहिल्या बाकावरचं पोरगं त्याला हळूच म्हणतंय, "सर, प्रस्तावना झाली, आता हेतुकथन घ्या." असल्या पोरांना थांबून विचारात पाडणं म्हणजे सोपं काम वाटलं का तुम्हाला? दिलशाद पाडायची.

तर वार्षिक पाठ. आमच्या सराव शाळेतलाच पाचवीचा वर्ग. त्या वर्गाच्या मूळच्या बाई, विमलबाई, लई जुन्या, लई अनुभवी, त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, "ती तिसऱ्या बाकावरची अक्षरा हाय ना, तिला उठवू नका हं. बोलताना अडतंय लेकरू. तास जातो." अडतंय म्हणजे तोतरं बोलणं, पहिलं अक्षर ओठावर येऊन असं अडकतंय की बघणाऱ्याचाच जीव वर येतो. वर्ग हसतो, मग ती बसती. वर्षभर त्या लेकराचा आवाज म्हणून कुणी ऐकला न्हाई. हजेरीला सुद्धा हात वर करायची फक्त.

अन् दिलशादनं नेमकं तिलाच उठवलं! मागं मी कपाळाला हात लावला. शेजारी कॅमेरा, हिरवा दिवा. "अक्षरा, पहिली ओळ वाच बघू." धडा चिमणीचा, ओळ साधी, "चिमणीनं विहिरीत वाकून पाहिलं." लेकरू उठलं, पुस्तक धरलं, अन् "चि... चि..." झालं, अडलं. एक पोरगं फिस्सकन हसलं. दिलशादनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. रागानं न्हाई हो, नुसतं बघितलं, अन् परत अक्षराकडं बघत उभारली. ना "हं, चिमणीनं" म्हणून पुढं ढकललं, ना "बस बाळा" म्हणाली, ना फळ्याकडं वळली. उभारली. मी मनात म्हणतोय, बोल की काहीतरी, अगं पोरी, कॅमेरा हाय! पंख्याचा तेवढा आवाज. "चि... चिम..." अन् मग... मग आलं हो! "चिमणीनं." मग थांबलं. मग "वि... विहिरीत." मग "वाकून." मग "पाहिलं." पूर्णविरामापर्यंत वाचलं लेकरानं! अन् ज्यानं फिस्सकन केलं होतं ना, त्याच पोरानं पहिली टाळी वाजवली. मला सांगा, माझ्या डोळ्याला पाणी आलं असंल तर माझं काय चुकलं? आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, संगमेश्वर, तू आयुष्य फुकट घालवलं न्हाईस बाबा, तुझ्या हाताखालून एक खरी बाई तयार होऊन राहिली.

घंटा झाली. गुरुनेत्राचा अहवाल आला. नापास.

हाव, नापास! मी तो कागद उलटा केला, सुलटा केला. "शिक्षक ऊर्जा : कमी. निष्क्रिय काळ : अत्यधिक." अन् खाली शेरा, काय शेरा माहीत हाय का? "शिक्षिकेला पुढील मुद्दा आठवला नसावा." आठवला नसावा! च्या मायला, जिला सगळं आठवत होतं म्हणूनच ती गप होती, तिला आठवला नसावा!

धावत गेलो मॅडमकडं. मॅडम काही वाईट बाई न्हाईत हो, हे पण सांगतो, डबा उघडला की आधी मला विचारतेत. पण त्या दिवशी चष्मा पुसत म्हणल्या, "सर, तुम्ही भावनेच्या आहारी जाताय."

"मॅडम, मी तिथं होतो! डोळ्यांनी बघितलं!"

"तेच तर. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. तुम्हाला ती मुलगी आवडते, तुम्हाला चांगलंच दिसणार. डेटा खोटं बोलत नाही."

आता तुम्हीच सांगा, मला आवडती म्हणून मला चांगलं दिसलं का चांगलं दिसलं म्हणून मला आवडती? कोंबडी आधी का अंडं आधी? अन् तेवढ्यात मकबूलभाई आलेले औशाहून, बिचारा माणूस टोपी काढून परत घालतोय, परत काढतोय. मी म्हणलं, "भाई, पोरगी नापास झाली, गप राहिली म्हणून." तर असा बघतच राहिला माझ्याकडं. "क्या बात करते, साब? हमारी दिलशाद? चुप रही? घर में तो रेडियो है वो! अम्मी परेशान है उसकी!" हसावं का रडावं? अन् मग हळूच म्हणाला, "साब, औसे की इस्कूल जून तक रुकेगी, उसके बाद नईं रुकती." ते ऐकलं अन् मी ठरवलं, नांदेड गाठायचं. जिथं ते डोळे तयार झाले, तिथंच जाऊन त्या डोळ्यांत बोट घालायचं.

एस.टी. धरली. खिडकीची काच वर जाईना, खाली येईना, अहमदपूर आलं, लोहा आलं, अंगाची पार लाही लाही झाली, अन् नांदेडात वजिराबादेत तिसऱ्या मजल्यावर सर्वेशचं ऑफिस. आत गेलो तर एसी असा की कोटाचं कोडं मला तिथं सुटलं. पोरगं चांगलं, पाणी दिलं, चहा दिला, स्क्रीनवर दिलशादचा पाठ काढला. खाली एक रेघ चाललेली, वर जाती, खाली येती, वर जाती... अन् अक्षरा उठली की रेघ आडवी. सपाट. सर्वेश त्या सपाट रेघेवर बोट ठेवून म्हणतंय, "सर, हे बघा. इथं काहीच घडत नाहीये."

"अरे लेकरा," मी ओरडलोच, "इथंच तर सगळं घडून राहिलंय!"

ऑफिसातली चार माणसं वळून बघायला लागली. सर्वेशनं रेघेवरचं बोट उचललं. एक मिनिट मला वाटलं, कळलं याला. त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं होतं... अन् मग म्हणतंय, "सर, पर्सनली मला पटतंय. पण सिस्टीमला कसं सांगणार?" मी म्हणलं, तूच तर बनवली रे सिस्टीम! तर म्हणाला, अपवाद नोंदवायची सोय हाय, कारण निवडा. लई आनंद झाला मला. कारणं उघडली. "वीज खंडित. कॅमेरा हलला. पाऊस. वर्गात प्राणी शिरला." संपलं! मी म्हणलं, "बाबा, 'शिक्षिका उत्तम शिकवत होती' हे कारण कुठं हाय?" न्हाई. तुम्हाला सांगतो, माणूस किती लाचार होतो! मी म्हणलं, टाक, वर्गात शेळी शिरली म्हणून टाक! त्यानं टाकलं. तर पुढं येतंय, "प्राण्याचे छायाचित्र जोडा."

आता शेळीचा फोटो कुठून आणू मी वजिराबादेत? अन् आणला तरी कॅमेऱ्यात शेळी कुठं हाय? डेटा खोटं बोलत न्हाई ना!

शेवटी एक वाट राहिली, फेरपाठ. एकदाच परत घेता येतो. अन् सर्वेशनं जिन्यापर्यंत येऊन, खरंच चांगलं पोरगं हो, हळूच सांगितलं, "सर, तिला सांगा, बोलत राहायचं. काहीही बोला, पण बोलत राहा. चालत राहा. मुलांची नावं घेत राहा. अन् हात... मुलांचे हात वर पाहिजेत, सर, हातांना लई मार्क आहेत."

आलो परत. दिलशादला बसवलं समोर, अन् मी, मी संगमेश्वर, तिला शिकवायला लागलो काय, तर न थांबायला! "अगं, प्रश्न टाकला की लगेच दुसऱ्याकडं बोट. 'छान', 'शाब्बास', 'अगदी बरोबर', काही न्हाई तर 'बरं का मुलांनो', पण तोंड चालू." ती ऐकून घेती, मान हलवती, अन् मग विचारती, "सर, मी बोलतच राहिले तर लेकरानं विचार कधी करायचा?"

मी म्हणलं, "बाई, आधी पास हो. जूनपासून वर्ग तुझा, तिथं तुला वाटंल तेवढं थांब, तिथं कोण बघतंय?" पटलं न्हाई तिला. पण बाप दारात उभारलेला, टोपी हातात. म्हणाली, "जी, सर."

अन् हातांचं काम विमलबाईंनी अंगावर घेतलं. त्या हसल्याच. "सर, हे होय! साहेब तपासणीला यायचे तेव्हापासून करतोय आम्ही." मग वर्गाला उभं करून सांगितलं, "ऐका रे, बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतंय त्यानं उजवा, ज्याला येत न्हाई त्यानं डावा. बाई उजव्यालाच विचारतील." झालं! अख्खी तपासणी या एका युक्तीवर काढलीय आमच्या पिढीनं, साहेब खुश, "वा, वा, काय चुणचुणीत वर्ग!" साहेबाला कळलं न्हाई कधी, मग त्या कॅमेऱ्याला उजवं-डावं काय कळणार? लाखोंचं यंत्र, अन् आमच्या विमलबाईंनी फुकटात गुंडाळलं त्याला. मला तर लई हसू आलं. खरंच, लई दिवसांनी हसलो मी.

फेरपाठ. हिरवा दिवा. अन् दिलशाद सुटली! काय सांगू, अडत बाजारात सोयाबीनचा सौदा चालू हाय असं वाटायला लागलं, "तर मुलांनो चिमणीला काय लागली होती, तहान, शाब्बास, मग ती कुठं गेली, विहिरीवर, छान, विहिरीत काय होतं, पाणी, अगदी बरोबर, पुढं!" अन् प्रश्नागणिक सगळ्या वर्गाचे हात वर, सटासट, बघून मला माझेच हात वर करावेसे वाटले. विमलबाई दारातून डोळा मारून राहिल्या. अन् मी खुशीत हात बघायला लागलो, हा उजवा, हा डावा, हा डावा, हा उजवा... तिसऱ्या बाकावर आलो. अक्षरा.

उजवा.

मला वाटलं, लेकराचं चुकलं. उजवं-डावं विसरलं असंल. दुसरा प्रश्न, उजवा. तिसरा, उजवा. मग तर तिनं हात खाली घेणंच सोडलं. दुखायला लागला तर डाव्या हातानं कोपर धरला, पण उजवा वरच. मागच्या पाठात एक ओळ वाचली होती ना, लेकराला वाटलं, आता आपल्याला येतंय. तिला वाचायचं होतं हो! अन् दिलशादनं बघितलं. मी शप्पथ सांगतो, तिनं बघितलं, तिचा आवाज एवढासा अडला, नजर त्या हातावरून माझ्याकडं आली, माझ्यावरून त्या हिरव्या दिव्याकडं गेली... अन् "शाब्बास, पुढं!" म्हणून चौथ्या बाकावर. परत एकदा ती तिसऱ्या बाकाजवळ आली. मला वाटलं, आता थांबती. न्हाई थांबली. अन् मी मागं बसून काय म्हणत होतो माहीत हाय का? मी म्हणत होतो, देवा, थांबू देऊ नको तिला.

पास! नुसती पास न्हाई, कॉलेजात पहिली! "शिक्षक ऊर्जा : उत्कृष्ट. निष्क्रिय काळ : शून्य." मॅडम स्वतः पेढे घेऊन आल्या, "बघा सर, त्याच मुलीत केवढा फरक पडला! म्हणून म्हणते, डेटा खोटं बोलत नाही." मकबूलभाईनं मला मिठी मारली, आमच्या घरी नवीन गादी पाठवून दिली. अन् दिलशाद पाया पडायला आली, वाकली, उठली, अन् एवढंच म्हणाली, "सर, तिचा उजवा होता." मी म्हणलं, "मला दिसला, बाई."

बरं, इथं संपलं असतं तरी मी गादीवर पडून राहिलो असतो, झोप न्हाई आली तरी. पण आठ-दहा दिवसांनी मॅडमचा निरोप, सराव शाळेत कार्यक्रम हाय, या. गेलो. हार, तुरे, सर्वेश कोट घालून हजर, कॅमेरा तिकाटण्यावर, हिरवा दिवा. कळलं काय, तर गुरुनेत्रानं अख्ख्या शाळेतून सगळ्यात सहभागी विद्यार्थी शोधून काढला, त्याला प्रमाणपत्र! अन् औशाच्या शाळेचे चालकही आलेले, दिलशादला न्यायला अन् गुरुनेत्र विकत घ्यायला, दोन्ही कामं एकाच गाडीत. सूत्रसंचालन दिलशादकडं, माइक हातात, आवाज असा खणखणीत, एक क्षण रिकामा न्हाई. अन् तिनं नाव पुकारलं, "कुमारी अक्षरा!"

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. हात! पाठभर हात वर धरलेला ना लेकरानं. एक शब्द तोंडातून न निघालेली अन् कुणी एक प्रश्न न विचारलेली पोरगी, मशीन म्हणतंय, सर्वाधिक सहभागी. अन् खोटं तरी कसं म्हणू? हात होताच की वर.

अक्षरा आली पुढं. मॅडमनी प्रमाणपत्र दिलं. लेकरानं ते दोन्ही हातांत धरलं, बघितलं, अन् सगळ्या सभेपुढं, कुणी सांगितलेलं नसताना, मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. "स... स..." अडलं. तोंड तसंच उघडं, मान जरा पुढं, अन् डोळे कागदाकडं न्हाई, सभेकडं न्हाई, दिलशादकडं. मागं एकदा थांबली होती ना ही बाई. "स... सर्..." येत होतं हो! मला दिसत होतं, येत होतं! अन् दिलशादनं माइक तोंडाशी नेला, हसली, अन् म्हणाली, "जोरदार टाळ्या!"

वाजल्या टाळ्या. मी पण वाजवल्या. काय करता? कॅमेरा चालू होता, अन् गप उभारलं की आता आमचे बी गुण कापतेत.